शेतकऱ्यांचे अनुदान आणि सातबाऱ्यावरचे नाव

दिनांक १९ नोव्हेंबर २०२५ रोजी कोईमतूर येथून प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा एकविसावा हप्ता वितरित करण्यात आला. देशातील सुमारे ९ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांवर १८ हजार कोटी रुपये जमा झाल्याचे जाहीर झाले. असा हप्ता आला की पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यानंतर सातपुड्याच्या पायथ्याच्या धर्मग्रामांत एक दृश्य हमखास दिसते. चर्चच्या ओट्यावर चार-सहा माणसे प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद घेऊन थांबलेली असतात. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याचा जुना उतारा, कधी वनहक्काचा पट्टा. ज्यांचे पैसे आले ते घरी गेलेले असतात. हे थांबलेले ते ज्यांचे आले नाहीत ते. धर्मगुरूला महसुलाचे कायदे शिकविले जात नाहीत. परंतु नंदुरबार जिल्ह्यात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही धर्मगुरूला फेरफार म्हणजे काय हे कळू लागते, ते याच ओट्यावर.

योजनेची रूपरेषा वाचकांना माहीत आहे. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे तिचा शुभारंभ झाला. वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी जूनमध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली. पुढे महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून आपल्याकडून आणखी ६ हजारांची भर घातली व २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे तिचा पहिला हप्ता दिला गेला. राज्याची ही योजना केंद्राच्याच यादीवर चालते. त्यामुळे केंद्राच्या यादीत नाव आले तर वर्षाला १२ हजार, आणि यादीत एक अक्षर चुकले तर बाराच्या बारा हजार अडकले.

या रकमेकडे भीक म्हणून पाहणारे शहरी मित्र मला भेटतात. त्यांच्याशी माझे एकमत नाही. शेतीला सरकार जे-जे साहाय्य देते त्यांची एकमेकांशी तुलना केली तर ही सरसकट सारखी रक्कम मला त्यांतल्या त्यात सर्वांत न्याय्य वाटते. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार भरते. हे अनुदान गोणीबरोबर जाते. ज्याच्या शेतात वीस गोण्या पडतात त्याला वीस गोण्यांचे, आणि धडगावच्या डोंगरउतारावर मोर, ज्वारी पेरणाऱ्या पावरा शेतकऱ्याला जवळजवळ शून्य. राज्याने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. ज्याला विहीर नाही त्याला पंप नाही, आणि ज्याला पंप नाही त्याला या मोफत विजेचा उपयोग काय? ठिबक सिंचनाला अल्पभूधारकास ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते संच बसविल्यानंतर येते. आधी खिशातून खर्च करा, मग परतफेड. शहादा तालुक्यातील तापीकाठच्या ऊस-केळी-पपईच्या बागायतदाराला हे जमते. अक्राणीत आंबे फोडून आमचूर वाळविणाऱ्या कुटुंबाला ते जमत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. युरोपीय संघात शेतकऱ्यांना मुख्यतः हेक्टरच्या हिशेबाने साहाय्य मिळते, म्हणून एकूण रकमेपैकी सुमारे ८० टक्के सुमारे २० टक्के शेतकऱ्यांकडे जाते, अशी तेथील नेहमीची तक्रार आहे. आपल्याकडे तेलंगणाने २०१८ साली रयतु बंधू योजना सुरू केली तेव्हा एकरी ४ हजार रुपये हंगामाला दिले. दहा एकरवाल्याला दहापट. केंद्राच्या योजनेत मात्र एक एकरवाल्याला आणि पंधरा एकरवाल्याला सारखेच ६ हजार. म्हणून तर या योजनेच्या दारातून जो बाहेर राहिला त्याचे दुःख मला अधिक वाटते. इतर अनुदानांत त्याचा वाटा नव्हताच. एवढे एकच त्याच्या मापाचे होते.

आणि या दाराची किल्ली आहे सातबारा. योजनेच्या नियमानुसार १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर लागवडीयोग्य जमीन होती ते कुटुंब पात्र. त्यानंतर जमीन नावावर झाली तर ती केवळ वारसाने आलेली असली पाहिजे. हा नियम साताऱ्यात किंवा कोल्हापुरात बनविला असता तर फारसे बिघडले नसते. नंदुरबारमध्ये मात्र जमीन कसणारा आणि कागदावरचा धनी हे दोघे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहत आले आहेत.

याची मुळे जुनी आहेत. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सपाटीवर, विशेषतः शहाद्याच्या परिसरात, भिल्ल शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापोटी आणि कागदावरच्या अंगठ्यांपोटी दुसऱ्यांच्या नावे गेल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्याबरोबर पुढे श्रमिक संघटना उभी राहिली ती याच प्रश्नावर. त्यानंतर १९७४ चा, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. काही जमिनी परत आल्या, काही कोर्टकचेऱ्यांत अडकल्या. ज्या आल्या नाहीत त्यांवरचे सन्मान निधीचे हप्ते कोणाच्या खात्यात जातात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याच्या आजोबांची ती जमीन होती तो आज कोयता घेऊन गुजरातेत ऊस तोडतो.

डोंगरावरची गोष्ट वेगळी. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक गावे एके काळी वनगावे होती. तिथली शेते वनखात्याच्या नकाशात जंगल म्हणूनच रंगविलेली. नर्मदेवरील सरदार सरोवराने याच दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली तेव्हाही, कोणाला जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची हा वाद शेवटी कागदावरच आला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच म्हटले की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी ती जमीन कसतो त्याचा हक्क मान्य करावा, चार हेक्टरच्या मर्यादेत. पट्टा वारसाने जातो, विकता येत नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. हा कायदा चांगला आहे. परंतु दावा दाखल होणे, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती, फेटाळणी, अपील, मोजणी या वाटेवर वर्षे गेली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला, त्यातील बहुसंख्य आदिवासी होते व वनहक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा तीच.

फेब्रुवारी २०१९ चा एक पंधरवडा येथे आठवण्याजोगा आहे. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला. २४ फेब्रुवारीला सन्मान निधीचा शुभारंभ झाला. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे देशातील शेतकऱ्याचा सन्मान जाहीर होत असताना सातपुड्यातल्या शेतकऱ्याच्या मनात, आपण शेतकरी आहोत की अतिक्रमणदार, हा प्रश्न होता.

नियमाने वनपट्टेधारकाला योजनेतून वगळलेले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण गावात याउलट सांगणारे पुष्कळ भेटतात. अडचण येते ती नोंदीत. पट्टा मिळाला तरी जमीन वनाचीच राहते आणि कसणाऱ्याचे नाव मालकाच्या रकान्यात न येता इतर हक्कांत जाते. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक संगणकीकृत अधिकार अभिलेखाशी जोडलेला आहे. त्या अभिलेखात ज्याचे नाव मालकाच्या जागी नाही, त्याने यंत्रापुढे आपण शेतकरी असल्याचे कसे सिद्ध करावे?

तारखेचा मुद्दाही आहे. २००९ मध्ये दाखल केलेला दावा बारा वर्षांनी, २०२१ साली मंजूर झाला, तर हा शेतकरी १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीचा की नंतरचा? माझ्या मते उत्तर कायद्यातच आहे. वनहक्क कायदा आदिवासीला नवी जमीन देत नाही. त्याच्याकडे आधीपासून असलेला हक्क तो मान्य करतो. उशीर शासकीय समित्यांनी केला. त्या उशिराचा दंड शेतकऱ्याने भरावा, हे तर्काला धरून नाही.

डोंगर सोडून खाली नवापूर, तळोदा, नंदुरबारकडे आलो की सातबारा असतो, परंतु त्यावरील मनुष्य जिवंत नसतो. आजोबा वारले, वडील वारले, चार भाऊ चार बांधांत विभागून शेती करतात. कागदावर अजून आजोबाच. वारसनोंद करण्यास फी नाही. मात्र मृत्यूचा दाखला नाही, कारण मृत्यू नोंदविलाच नव्हता. मग कोर्ट, मग वकील. चौघांची नावे चढली तर चार कुटुंबांना मिळून वर्षाला ४८ हजार रुपये मिळू शकतात, कारण वारसाने आलेल्या जमिनीला तारखेची अट आड येत नाही. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर मृत खातेदारांच्या वारसांची नोंद करण्याची मोहीम घेतली व तिला ‘जिवंत सातबारा’ असे नाव दिले. सरकारी नावांत सहसा इतका अर्थ नसतो.

स्त्रियांचा हिशेब मात्र अधिक विचित्र आहे, आणि तो मी कागदावर मांडून पाहिला तेव्हा मलाच आश्चर्य वाटले. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. परंतु तिला शेतकरी म्हणून दोन्ही सन्मान निधी मिळत असतील, म्हणजे महिन्याला सरासरी हजार रुपये, तर लाडकी बहीणमधून केवळ उरलेले ५०० मिळतात. आता पाहा. जमीन नवऱ्याच्या नावे असेल तर घरात त्याचे १२ हजार आणि तिचे १८ हजार, एकूण ३० हजार येतात. तीच जमीन बायकोच्या नावे असेल तर तिचे १२ हजार आणि वरचे ६ हजार, एकूण १८ हजार. नवऱ्याला वेगळे काही नाही, कारण सन्मान निधीत पती, पत्नी व अज्ञान मुले हे एकच कुटुंब. थोडक्यात, बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढविणाऱ्या घराला वर्षाला १२ हजारांचा तोटा. हे कोणी जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. दोन योजना दोन खात्यांनी आखल्या की असे होते. पण आपल्या भगिनींची नावे जमिनीवर लागावीत म्हणून आम्ही व्यासपीठांवरून जे बोलतो त्याच्या विरुद्ध दिशेने हा हिशेब खेचत राहतो.

आता आधारविषयी. वाचकांना स्मरत असेल की देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देण्यात आले. गरिबाला आपली ओळख मिळेल आणि मधला दलाल जाईल, हा त्यामागचा विचार. तो विचार पुष्कळ अंशी खरा ठरला, हेही मान्य केले पाहिजे. पूर्वी खावटी कर्जाच्या वाटपात किंवा नुकसानभरपाईच्या धनादेशात जे हात मध्ये येत, ते आज दोन हजारांच्या हप्त्यात येत नाहीत.

पण दलाल गेला आणि त्याच्या जागी अटी आल्या. २०२२ पासून ई-केवायसी, मग जमिनीच्या नोंदीची जोडणी, मग आधारशी संलग्न बँक खाते. यंत्रावर बोट ठेवायचे. आमच्या ओट्यावर येणारे एक वृद्ध गृहस्थ, आयुष्यभर नांगर आणि कुऱ्हाड धरलेले, मला म्हणाले, “फादर, माझे बोट लागत नाही.” त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर रेषाच उरल्या नव्हत्या. २०२३ पासून चेहरा दाखवूनही ई-केवायसी करता येते. त्यासाठी चांगला मोबाइल हवा आणि रेंज हवी, आणि तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यांत रेंज मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते. त्या गृहस्थांना त्यांचा नातू खाली शहाद्याला घेऊन गेला. दिवसाची मजुरी आणि दोघांचे जीपभाडे गेले, काम मात्र झाले.

खात्याचा घोटाळा याहून अधिक होतो. थेट जमा होणारी रक्कम पासबुकावरच्या खात्यात नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. एकाच माणसाची जनधनचे, मजुरीच्या पैशाचे, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेले अशी तीन-तीन खाती असतात. २०१७ साली तर एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली व त्यांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले, असे उघडकीस आले होते. म्हणून पैसे आले नाहीत असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, ‘शेवटचे खाते कोणते उघडले?’ निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडते.

अटी घालण्याचे कारण सरकारपाशी आहे. २०२० मध्ये तमिळनाडूत पाच लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींची नावे या योजनेत घुसविली गेल्याचे आढळले. महाराष्ट्रातही आयकर भरणाऱ्यांकडून घेतलेले हप्ते परत मागविण्यात आले. त्यामुळे छाननी चुकीची नव्हे. तथापि आकडे पाहावेत. मे २०२२ च्या हप्त्याच्या वेळी १० कोटींहून अधिक शेतकरी सांगितले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ८ कोटींहून अधिक, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ९ कोटी ७० लाख. यादीतून गेलेले सगळे अपात्र असते तर संख्या पुन्हा एवढी वाढली नसती. गेलेल्यांत अपात्र होते, तसेच अटीत अडकलेले पात्रही होते. अडकलेले हळूहळू परत आले. नंदुरबारच्या डोंगरातला मनुष्य परत येण्याच्या रांगेत कितवा असतो, याचा अंदाज वाचकांनी करावा.

अशा विलंबाचा अनुभव येथील लोकांना नवा नाही. पावसाळ्यात धान्य संपले की आदिवासी विकास महामंडळाकडून मिळणारे खावटी कर्ज ही १९७८ पासूनची योजना. महामारीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, शासनाने कर्जाऐवजी कुटुंबामागे ४ हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले, अर्धे रोख, अर्धे वस्तुरूपाने. निर्णय स्तुत्य होता. टाळेबंदीतील भुकेसाठी जाहीर झालेल्या डाळी व तेलाच्या पिशव्या अनेक पाड्यांवर पोहोचल्या त्या २०२१ सालात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीने भागणारी नाही. ज्याच्या नावावर जमीनच नाही, जो वाट्याने करतो किंवा केवळ मजुरी करतो, तो या योजनेच्या व्याख्येत शेतकरी नाही. ओडिशाने कालिया योजनेत आणि पुढे २०२४ च्या सीएम किसान योजनेत भूमिहीन शेतकरी कुटुंबांना स्थान दिले. म्हणजे ते अशक्य नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या रकमेत स्वतःचे ६ हजार घातले तेव्हा, निदान त्या सहा हजारांपुरती, पात्रतेची व्याख्या आपली आपण ठरविण्याची संधी राज्याला होती. केंद्राचीच यादी उचलल्याने काम सोपे झाले आणि भूमिहीन तेथेच राहिला.

धर्मग्रामांतील युवकांनी व पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनी या कामी थोडा वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे होळीला गावी येतात. डिसेंबर ते मार्चचा हप्ता ती नसतानाच येऊन गेलेला असतो, किंवा आलेला नसतो. त्यांना तेव्हा कागद गोळा करायला सांगितले तर उशीर होतो. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. तो आताच करावा, मृत्यूचे दाखले आताच शोधावेत. कारण फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि होळीची राख थंड होऊन आठवडा झाला नाही तोच मुकादमाचा ट्रक पुन्हा फाट्यावर उभा राहतो.